चांदमारीवरचा सातवा दगड

दुपारी जेवण झालं की मला डुलकी लागते, आणि डुलकी लागली की चांदमारी दिसते. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीत मी खाटेवर पडलेला असतो, बाहेर बोळातून कल्हईवाला ओरडत जातो, आणि इकडे मिटल्या डोळ्यांपुढे तो उजाड माळ हळूहळू उघडत जातो. उन्हात तो माळ कधी एका जागी थांबायचा नाही. तीनशे पावलांवर लावलेली टारगेटं जमिनीपासून वीतभर वर तरंगायची, मागची मातीची टेकडी पाण्याखाली असल्यासारखी हलायची. टेकडीच्या डोक्यावरचा लाल बावटा तेवढा खरा वाटायचा. स्वप्नातसुद्धा मी आधी तो बावटा पाहतो. तो वर असेल तर मी टेकडीकडे पाठ करत नाही.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा त्यांना वाटलं असणार, की बंदुकांमध्ये जन्म काढलेला पोलीस हवालदार म्हणजे दरोडेखोरांच्या पाठलागाच्या गोष्टी सांगणार. त्यांची निराशा होणार, त्याला माझा इलाज नाही. मी आयुष्यात कुणावर बंदूक रोखली नाही. माझं काम एका मातीच्या ढिगाऱ्याची राखण करण्याचं होतं. शिपायांनी झाडलेली गोळी त्या ढिगाऱ्यातच जावी, दुसरीकडे कुठेही जाऊ नये, एवढ्यासाठी मला नेमलं होतं. ऐकायला हे सोपं वाटतं. पंधराएक वर्षं मी ते केलं, विसाच्या सालापासून तिसाच्या पलीकडेपर्यंत, आणि त्या सगळ्या काळात माझ्या चांदमारीवर एकाही माणसाला गोळी लागली नाही. हे मी छाती काढून सांगत आलोय. पण छाती काढताना आत कुठेतरी जरा टोचतं, आणि ते का, हेच आज लिहायचं आहे.

ज्यांनी चांदमारी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गावाबाहेर मोकळा माळ. त्याच्या एका टोकाला दोन पुरुष उंचीची मातीची टेकडी, मुद्दाम घातलेली. टेकडीच्या पुढे खंदक. खंदकात दोन-तीन माणसं बसतात, ती टारगेट वर करतात, खाली घेतात, आणि गोळी कुठे लागली ते लांब काठीने दाखवतात. दुसऱ्या टोकाला शिपाई ओळीने पालथे पडून नेम धरतात. नेमबाजी सुरू व्हायच्या आधी बावटा चढतो, बिगुल वाजतो, दोन्ही वाटांवर पहारेकरी उभे राहतात. संपली की प्रत्येकाने बंदुकीचं पोट उघडून मला दाखवायचं, मी त्यात करंगळी घालून बघायचं, मग पुढचं बोलणं. माझी करंगळी कायम काळी असायची. बायको म्हणायची, या एका बोटाला तरी ताटाबाहेर ठेवा.

माझे नियम थोडेच होते. बंदूक रिकामी आहे असं कधी समजायचं नाही. नळीचं तोंड मातीकडे. बोट चापाच्या बाहेर. काडतूस उडालं नाही तर बंदूक तशीच टेकडीकडे धरून ठेवायची, डावा हात वर करायचा आणि तीस अंक मोजायचे, कारण कधीकधी काडतूस उशिरा जागं होतं. अजूनही दिवाळीत एखादा फटाका फुसका निघाला की आमच्या अंगणात मी कुणाला हलू देत नाही. तीस होईपर्यंत सगळं घर माझ्याकडे बघून हसत उभं असतं.

आणि एक नियम मी स्वतःचा घातला होता. बाकीचे हुकूम इंग्रजीत असत, ते जन्मभर पाठ करून म्हणायचे. थांबवण्याचा हुकूम मात्र मी मराठीत ठेवला: थांब. तो कुणीही द्यावा. साहेबांनी द्यावा, मी द्यावा, खंदकातल्या माणसाने द्यावा, पाणी पाजणाऱ्यानेही द्यावा. आणि तो ऐकला की आधी थांबायचं, का ते नंतर विचारायचं. या नियमाचा मला फार अभिमान होता.

माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. तालुक्याकडच्या परवान्याच्या बंदुकाही तपासायला माझ्याकडे येत. एकदा आमच्याच माळशिरसकडचे एक पाटील आले. फेटा, मिशा, मागे बंदूक घेऊन गडी. बंदुकीवर हळदीकुंकवाचा असा थर बसला होता की लाकूड कुठलं आणि लोखंड कुठलं ते कळेना. मी पोट उघडायला गेलो तर पाटील घाईने म्हणाले, "आवो, उघडू नगा. भरल्याली हाय."

"कधीपासून?"

"माझ्या लग्नापास्नं. बारा वर्सं झाली की."

"आणि खंडेनवमीला पूजेत मांडता?"

"मग? घरातलं हत्यार हाय. पाटावर ठिवतो, समद्यांनी डोकं टेकायचं."

"तोंड कुठं असतं हिचं?"

पाटलांनी विचार केला. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "डोकं टेकणाऱ्याकडंच असतंय."

मी ती बंदूक टेकडीपुढे खुंट्यांना बांधली, चापाला लांब दोरी लावली, सगळ्यांना खंदकात बसवलं आणि दोरी ओढली. आवाज झाला तो नेहमीचा नव्हता. वर येऊन पाहिलं तर नळी केळ्याच्या सालीसारखी सोलून निघाली होती. पाटील बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी जोडे काढले आणि त्या फाटलेल्या नळीला हात जोडले. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. आपल्या माणसांना कशापुढे हात जोडावेसे वाटतील याचा नेम नाही, हे मला तेव्हाच नीट लक्षात घ्यायला हवं होतं.

दुसरा माणूस म्हणजे नागनाथ. मोडनिंबकडचा शेतकऱ्याचा मुलगा, नवा भरती झालेला, अंगाने थोराड आणि स्वभावाने लाजाळू. पहिल्याच दिवशी त्याने चाप ओढला आणि काडतूस उडालं नाही. मोजणं राहिलं बाजूला, हा गडी बंदुकीसकट उठला, गर्रकन माझ्याकडे वळला आणि नळी माझ्या पोटावर धरून म्हणाला, "हवालदार, ही उडंना की!"

ओळीतले बाकीचे नऊ जण जमिनीला असे चिकटले की त्यांना उचलायला माणसं लागली असती. मी पुढे होऊन नळी हाताने बाजूला केली आणि हळू आवाजात त्याला सांगितलं, की बाळा, टेकडी तिकडे आहे. ते काडतूस पुढेही उडालं नाही. पण त्या दिवसापासून नागनाथचं नाव 'उडंना' पडलं. ते मीच पाडलं. जेवायला बसताना मी हाक मारायचो, "उडंना, भाकरी घे की," आणि सगळी पंगत हसायची. तोही खाली मान घालून हसायचा. मला वाटायचं, असं चिडवलं की माणूस चूक विसरत नाही. खरंच तो चूक विसरला नाही. फक्त त्यानंतर तो मोठ्याने बोलायचाही विसरला.

आता दगडांचं सांगतो.

एका वर्षी एक गोळी टेकडीतल्या खड्यावर आपटून उसळली आणि पलीकडे चरणारी एक शेळी मेली. साहेबांनी हुकूम काढला, की धोक्याची हद्द स्पष्ट दाखवा. पाटी होतीच, दोन लिप्यांत लिहिलेली. पण तिकडून येणाऱ्या धनगरांना वाचता येत नव्हतं आणि शेळ्यांना तर नव्हतंच. म्हणून मी डोकं चालवलं. टेकडीच्या भोवतीने एकवीस मोठे दगड रोवले, ते लाल रंगाने रंगवून काढले, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला पांढरे आकडे घातले. लाल म्हणजे धोका, हे मला नोकरीत शिकवलं होतं. नोकरीच्या आधी सगळं बालपण आमच्या गावात मी लाल दगडापुढे काय करत आलो होतो, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातही आलं नाही.

दोन महिन्यांत सातव्या दगडापाशी नारळाची करवंटी दिसली. मग फुलं. मग कुणीतरी तेल घातलं. का कोण जाणे, सातव्यावरच सगळ्यांचं मन बसलं होतं. तो टेकडीच्या डाव्या कुशीला होता आणि त्याचा आकार जरा मान तिरकी करून ऐकणाऱ्या माणसासारखा होता. मी हे साहेबांना सांगितलं नाही. मला गंमत वाटली. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपण रंगवलेल्या दगडाला कुणी फूल वाहिलं तर कुणाला बरं वाटणार नाही? एकदा फेरी मारताना मी स्वतःच त्याच्यापुढे चप्पल काढून उभा राहिलो आणि मग इकडेतिकडे बघून पुन्हा घातली.

टेकडीमागच्या वस्तीत भागाबाई नावाची एक म्हातारी राहायची. शेण गोळा करत माळावर फिरायची, मला ओळखायची. एक दिवस शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ती वाटेत थांबली.

"हवालदार, तुमचा देव कवा असतो?"

"कुठला देव, मावशी?"

"त्यो की, सातवा. परवा गेल्ते तर निशाण न्हवतं. निशाण न्हाई म्हंजी देव बी न्हाई."

मी मनात हसलो आणि मला वाटलं, चला, हिला हिच्या भाषेत धोका समजावून सांगावा. म्हणालो, "निशाण चढलं की देव जागा असतो मावशी. त्या वेळी तो लई तापट असतो. जवळ जायचं न्हाई."

तिने डोक्यावरची पाटी सावरली. मग म्हणाली, "माझी शेवंता माघारी आलीया. जावयानं उलथनं तापवून हातावर ठिवलं तिच्या. आता भावकी म्हनती, लेकीची जात, धाडून दे. माझं मन हूत न्हाई. देवाला कौल लावीन म्हनते. त्यो सांगंल तसं करीन."

"लाव की," मी म्हटलं. "पण बावटा असताना नको हं."

"जागा असतो तवाच इचारावं लागतं," ती पुटपुटली आणि चालू लागली. मी ऐकलं होतं ते. ऐकलं, आणि रात्रीच्या पंगतीत त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं.

चैत्र संपत आला होता. वार्षिक नेमबाजीचा शेवटचा दिवस. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला तसा बावटा चढला, बिगुल वाजला, दोन्ही वाटांवर पहारे लागले. साहेब मागे छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते. दुपारच्या भोंग्याच्या आत सगळ्यांची नेमबाजी उरकायची होती. दहा वाजले आणि माळ तरंगायला लागला. अशा वेळी बंदुकीचे आवाजसुद्धा लांबून, कापसातून आल्यासारखे येतात. माणूस जागा असतो, हुकूम देत असतो, आणि तरी सगळं आपल्याला कुणी सांगतंय असं वाटत राहतं. टारगेटं मधेच फुटून दोन व्हायची, पुन्हा एक व्हायची. शिपायांना अशा उन्हात काय काय दिसायचं. कुणाला तळं दिसायचं, कुणाला घोडा. मी सगळ्यांना दटावायचो, की डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, फक्त काळ्या ठिपक्यावर ठेवा.

ओळीच्या डाव्या टोकाला नागनाथ होता. बाकीचे गोळ्या झाडत होते आणि हा नुसता पडून होता. बोट चापाच्या बाहेर. मी जवळ जाऊन वाकलो.

"काय रे उडंना, आज काय झालं?"

तो माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "हवालदार, तितं बाई हाय."

"कुठं?"

"टेकडीच्या कुशीला. बसल्याली."

मी पाहिलं. टेकडी हलत होती, तिच्या कुशीत ऊन उकळत होतं. बाई नव्हती. मातीचा एक उंचवटा होता, तोही दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. वाटांवर दोन्ही पहारेकरी नीट उभे होते. मी म्हणालो, "नीट बघ. मृगजळ आहे ते."

"न्हाई हवालदार. दिवा हाय तिच्यापुढं."

उन्हातला दिवा! मला हसू आलं. हे सगळं किती वेळ चाललं म्हणाल तर दोन श्वास. पण तेवढ्यात माझ्या उजवीकडे दोन गोळ्या सुटल्या. दुसरी सुटली त्या क्षणी मला आठवलं, की नालाही आहे. टेकडीमागून एक नाला येतो. पावसाळ्यात त्याला पाणी असतं म्हणून मी तिकडे पहारा कधी लावला नव्हता. चैत्रात नाला कोरडा असतो, आणि कोरडा नाला म्हणजे वाट.

"थांब!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

दहा बंदुकांची पोटं उघडी झालेली बघितल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकलं नाही. एकेकात करंगळी घातली. साहेब मागून काहीतरी विचारत होते. मग मी तीनशे पावलं धावलो. नागनाथ माझ्या मागे होता. जसजसं जवळ गेलो तसतसा तो मातीचा उंचवटा मातीच्या रंगाचं लुगडं झाला.

भागाबाई सातव्या दगडापाशी बसलेली होती. पुढे ताटली, तिच्यात भाताचा गोळा, आणि दगडाच्या आडोशाला वाऱ्यापासून राखलेला एक दिवा. दिवा जळत होता. ती जिवंत होती. दगडाच्या वरच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, आतला करडा दगड उघडा पडला होता, आणि तो टवका म्हातारीच्या कानापासून वीतभरही लांब नव्हता. मी तिच्याशेजारी खालीच बसलो.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण भीतीने नाही.

"दिला," ती म्हणाली. "कौल दिला हवालदार. फूल चिकटवून कवाची बसल्ये. हालंना. म्हटलं, उजवा दिलास तर धाडते, डावा दिलास तर ठिवते. आन एकदम कडाडला, आन फूल उजवीकडं पडलं. बघा की."

तिच्या उजव्या हाताला, टवक्याच्या चुऱ्यात, कण्हेरीचं एक फूल पडलेलं होतं.

"धाडायची म्हनतोय," ती म्हणाली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली.

मला तिथे आधी खरं बोलावंसं वाटलं. दगडामागच्या मातीत गोळी रुतलेली होती, चपटी झालेली, अजून गरम. ती उकरून मी तिच्या तळहातावर ठेवली. "मावशी, देव न्हाई बोलला. ही आमची गोळी. माझ्या माणसानं झाडली. तुझ्या कानाजवळनं गेली बाई, तू मेली असतीस!"

तिने गोळी उलटसुलट करून पाहिली. "गोळी तुमचीच की," ती शांतपणे म्हणाली. "पर दगूड त्येचा हाय. त्येला बोलायचंच झालं तर त्यो कशानं बी बोलंल."

मी मान वळवून जिथून आलो तिकडे पाहिलं. इथून पाहिलं तर तरंगत होते ते आमचे लोक. साहेबांची खुर्ची, छत्री, ओळीत उभे राहिलेले शिपाई, त्यांच्या उघड्या बंदुका, सगळं पाण्यावर ठेवल्यासारखं हलत होतं. इतकी वर्षं मी त्या बाजूला उभा राहून ही बाजू खोटी समजत होतो. एक मुलगी होती, तिच्या हातावर उलथन्याचा डाग होता, आणि माझ्या उशीर झालेल्या हुकुमामुळे ती उद्या परत त्या घरी जाणार होती. गोळी लागायची राहिली होती कुठे?

आणि मग माझं लक्ष दिव्याकडे गेलं.

"मावशी," मी म्हटलं, "तू ह्या अंगाला का बसलीस?"

"त्या अंगानं वारं येतंय. दिवा ऱ्हाईना."

"म्हणजे तू पाठीमागं बसलीस."

"पाठीमागं?"

"हा दगड मी रोवलाय. मीच रंगवलाय. त्याचं तोंड पलीकडं हाय, वाटेकडं. तिकडं जाऊन बघ, त्याच्या कपाळावर मी पांढरं काढलंय."

नागनाथ माझ्याकडे बघत राहिला. भागाबाई उठली, गुडघ्यावर हात ठेवत दगडाला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे माझा सातचा आकडा होता, चांगला ठसठशीत. तिने तो बोटाने चाचपून पाहिला.

"आता तिथून बघ," मी म्हटलं. "फूल कुठल्या हाताला हाय?"

मग दगडावरून तिचं तोंड वर आलं. त्या तोंडाचं वर्णन मला करता येणार नाही. पंधरा वर्षांत अचूक नेम लागलेला एकही शिपाई मी तसा उजळलेला पाहिला नाही.

"डावा!" ती म्हणाली. "डावा हाय की वो!"

मी खोटं बोललो का? आकडा खरंच त्या बाजूला होता. दगडाला तोंड नसतं, हेही मला ठाऊक होतं. आजवर मला याचा निवाडा करता आलेला नाही, आणि आता करावासाही वाटत नाही.

साहेबांपुढे मी सगळं कबूल केलं: लाल रंग, नाला, आणि उशीर. कौलाचं तेवढं बोललो नाही. साहेब बरंच बोलले, ते मला लागू होतं. अहवालात लिहिलं, 'जखमी: कोणी नाही. नुकसान: दगड एक.' दुसऱ्या दिवशी ओळ उभी असताना मी सगळ्यांसमोर सांगितलं, की काल नागनाथने बरोबर पाहिलं आणि मी माझाच नियम मोडून आधी कारण विचारत बसलो. 'उडंना' हे नाव मी पाडलं होतं, ते मीच परत घेतलं. मला लाज वाटत होती आणि ती लपवायची नव्हती. त्याने "थांब" म्हणून आरोळी का दिली नाही, हे मी त्याला विचारलं नाही. ज्याच्या प्रत्येक बोलण्यावर वर्षभर पंगत हसली, तो ओरडणार कसा? पुढे त्याला मी नेमबाजीच्या वेळी फक्त बघत बसायचं काम दिलं, गळ्यात शिट्टी देऊन. आमच्यात त्याच्याइतका चांगला बघणारा नव्हता. नाल्यावरही पहारा बसला.

दगडांना चुना फासला. आधी डांबर लावणार होतो, पण नागनाथ म्हणाला, "काळं केलं तर शनीला तेल घालाया येत्याल." तो मोठ्याने बोलला, आणि सगळे हसले, आणि या वेळी तोही मान वर करून हसला.

सातव्या दगडाचं मात्र चुना लावून भागणार नव्हतं. म्हणून एका सकाळी, बावटा नसताना, आम्ही चौघांनी तो उपटून काठ्यांवर घेतला आणि भागाबाईच्या वस्तीत लिंबाखाली नेऊन रोवला. तिने नारळ फोडला. रोवायच्या आधी तिने मला दोनदा विचारून घेतलं, की तोंड नक्की कुठल्या अंगाला.

मग बदली झाली, मुंबईकडची काही वर्षं गेली, पेन्शन झाली, आणि मी परत सोलापुरात येऊन राहिलो. तिकडे जायचं मनात यायचं आणि राहून जायचं. गेल्या हिवाळ्यात एकदाचा गेलो. चांदमारी केव्हाच बंद झाली होती. घरं बांधायला लोकांनी टेकडीची माती नेता नेता ती कमरेएवढीच उरली होती. वस्ती मात्र वाढली होती. लिंबही मोठा झाला होता. त्याखाली सातव्याला कुणीतरी छोटा कट्टा बांधला होता, वर पत्रा, पुढे घंटा.

तिथे एक बाई झाडत होती. केस निम्मे पांढरे. तिने मला बसायला सांगितलं, तांब्याभर पाणी दिलं. तांब्या पुढे करताना तिच्या हातावर मनगटाच्या वर एक जुना, चकाकणारा, उलथन्याएवढा डाग दिसला. मी पाणी प्यायलो. तिने मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता; दगड रोवला त्या दिवशीही ती घराबाहेर आली नव्हती.

"हा कोणता देव, बाई?" मी विचारलं.

"चांदमारीचा," ती म्हणाली. "आमच्या आईचा लई जीव ह्येच्यावर. गेली आता ती. जाताना म्हनली, झाडलोट सोडू नगं." मग तिने दगडाच्या वरच्या कोपऱ्यावर हात ठेवला. शेंदराचे थर बसून तो टवका निम्मा भरून आला होता, पण तिचं बोट बरोबर खाचेत गेलं. "हितं गोळी लागलीया देवाला. आईच्या वाटची हुती. त्यो मधी पडला."

मी तिला सांगणार होतो, की ती गोळी ज्याने थांबवायची तो माणूस दोन श्वास उशिरा ओरडला, आणि तो तुझ्यासमोर बसून पाणी पितोय. पण ती त्या खाचेवरून बोट फिरवत होती, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावं तसं.

मी उठलो, चपला काढल्या. वाकण्याआधी सवयीने मागे वळून टेकडीकडे पाहिलं. बावटा नव्हता.

मग मी डोकं टेकवलं.